पेन्सिलीचं टिंब

आचरे, ता. मालवण
२८ नोव्हेंबर २०२३

चि. मनवा,

आशीर्वाद घे, पण रागावून दिलेले आहेत हे लक्षात ठेव. दिवाळी आली नि गेली, तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाही. स्वप्नीलने शेजारच्या कोंडीरामच्या मोबाईलवर फोन केला होता म्हणे. मला काय त्याचा उपयोग? कानातल्या यंत्रातून मला माझंच जेवण ऐकू येतं, दुसऱ्या कोणाचं काही नाही. म्हणून सांगते, कागदावर लिहीत जा. पोस्टमन आला की मला जरा माणसात आल्यासारखं वाटतं.

तर, दुपटं शिवून झालं. लीलाची ती जांभळी सुती साडी मी तिच्या तेराव्याला मागून घेतली होती ना, तीच आत-बाहेर घातली आहे. आज तुझी आई असती तर तिने शिवलं असतं. ती नाही, म्हणून आत्याने शिवलं. माझे टाके जरा वाकडे आहेत, बाळाला कळणार नाही आणि तू बोलायचं नाहीस.

जन्माआधी बाळाचं काही करू नये म्हणतात, मला माहीत आहे. पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. फेब्रुवारीत कणकवलीला ऑपरेशन. सुई दिसते आहे तोवर शिवून टाकलं, आणि शिवल्यावर घरात ठेवून काय करू? कोंडीराम पाच तारखेला मुंबईला निघालाय, त्याच्याकडे देते. सासूबाईंना खपणार नसेल तर सांगू नको, माळ्यावर टाक.

सहावा लागला ना गो? पाय सुजतात का? उभ्याने काम कमी कर. त्या लॅबमध्ये तुला स्टूल तरी देतात की नाही?

तुझी आत्या
शांता


नायगाव
१४ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

दुपटं मिळालं. कोंडीरामकाका दादरला उतरले, स्वप्नील जाऊन घेऊन आला. आईची साडी मी पिशवीतूनच ओळखली. माळ्यावर ठेवलंय.

इथे आमची चाळ खाली करायचं चाललंय. समोरच्या चाळीच्या खिडक्या काढून नेल्या. आम्ही जानेवारीत वडाळ्याला भाड्याच्या घरात जाणार, नवीन इमारत होईपर्यंत. सासूबाई रोज एक ट्रंक भरतात आणि संध्याकाळी काहीतरी शोधायला परत उपसतात.

तुला एक विचारायचंय. तू परळच्या औषध कंपनीत सव्वीस वर्षं पर्सोनेलला होतीस, मुलाखतींना बसायचीस. म्हणून तुलाच विचारते.

मंगळवारी मी एका मुलाखतीला गेले होते. परळलाच, मोठी लॅब आहे, सेक्शन इनचार्जची जागा. दोन पुरुष आणि एक बाई. पुरुषांनी कामाचं विचारलं. मशीन चुकीचं दाखवतंय हे कसं ओळखता, दोन रिपोर्टांची अदलाबदल झाली तर आधी काय कराल. सगळं आलं मला. मग मोठ्या सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागले. पुसतच होते. तेवढ्यात त्या बाई, सीमा मॅडम, माझ्याकडे वळून हसल्या. "लग्नाला किती वर्षं झाली?" मी म्हटलं, चार. "मग, गुड न्यूज कधी? नाही म्हणजे बघा, इनचार्जची खुर्ची आहे, मध्येच सहा महिने रिकामी ठेवता येत नाही. पुढच्या दोन वर्षांत काही प्लॅन?"

मी म्हटलं, "आम्हाला मूल नको आहे. दोघांनी मिळून ठरवलंय."

अडखळले नाही. पोटाचं काही दिसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "गुड." सरांनी चष्मा घातला.

ऑक्टोबरमध्ये स्वप्नीलने नोकरी बदलली. त्याला मुलाखतीत विचारलं, गाडी चालवता येते का आणि शनिवारी यायला जमेल का. तेव्हा मला चौथा होता. त्याला कोणी विचारलं नाही की घरी काय आहे. घरी येऊन मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं विचारतातच, त्यात काय. तू मनावर नको घेऊ." मी मनावर घेतलेलं नाही, आत्या. तेच सांगतेय. मला राग यायला हवा होता असं वाटतं, पण आला नाही. मी खाली येऊन एक सरबत प्यायले आणि बसने घरी आले.

असं विचारणं बरोबर असतं का?

तुझी
मनवा


आचरे
२२ डिसेंबर २०२३

चि. मनवा,

तू म्हणजे कमालच! सहावा सरत आला आणि पॅनेलसमोर बसून "मूल नको" सांगून आलीस? आणि त्या तिघांच्या डोळ्यांत माती गेली होती? पंजाबी ड्रेस सैल घातला असशील. तशी अंगाने तू लीलावर गेली आहेस. तिचंही सातव्यापर्यंत कोणाला कळलं नव्हतं. मी वाचून एकटीच हसले. कोंडीरामची बायको बघायला आली, म्हातारीला काय झालं म्हणून.

पण हे अंगाशी येईल हां. फेब्रुवारीत काय सांगशील त्यांना?

आता तुझ्या प्रश्नाचं. बरोबर असतं का म्हणून काय विचारतेस, मी सव्वीस वर्षं तोच प्रश्न विचारला. पॅनेलवर तीन साहेब आणि मी. मला तिथे कशाला बसवायचे? यंत्रातलं मला कळत नव्हतं, औषधातलं नव्हतं. पुरुषाने विचारलं तर वाईट दिसतं, म्हणून मी. आमचे मोठे साहेब शाईचं पेन वापरायचे. त्यांनी पेनाला टोपण लावलं की समजायचं, शांताबाई, आता तुम्ही.

आणि मी छान विचारायचे, अगदी आपलेपणाने. माहेर कुठलं, सासरी कोण कोण, जेवण कोण करतं, आणि मग हळूच. मुली मोकळ्या व्हायच्या गो. कोणी लाजायच्या, कोणी "लग्नाला आत्ताच तर सहा महिने झाले" म्हणायच्या. त्या बाहेर गेल्या की मी त्यांच्या अर्जावर वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे. टिंब म्हणजे आत्ता नको. पेन्सिलीने का, तर नंतर खोडता यावं. कागद फाइलला लागताना स्वच्छ हवा.

तुला वाटेल आत्या किती दुष्ट. पण मनवा, ऑफिस पण चालायला लागतं. एक बाई रजेवर गेली की तिचं काम उरलेल्या दोघी ओढायच्या, आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांचं काय. मला स्वतःला कोणी हा प्रश्न विचारला नाही. लग्नच नाही झालं तर काय विचारणार? म्हणून तर त्यांना मी बरी पडले.

तेव्हा डोक्यात राख घालू नकोस. विचारतात, आपण उत्तर द्यायचं, पुढे जायचं. कामाचं काय झालं ते कळव. आणि सातव्यात सासूबाई डोहाळजेवण करणार की नाही? मला यायला नाही जमणार, पण हिरव्या बांगड्या पाठवते.

तुझी आत्या


वडाळा
८ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

बांगड्या पाठवू नकोस. बाळ नाही.

वसुबारसेला गेलं, ९ नोव्हेंबरला. विसावा आठवडा होता. तू दुपटं पाठवायचं ठरवलंस त्याच्या एकोणीस दिवस आधी. म्हणून जन्माआधी शिवलं म्हणून असं झालं, हे डोक्यात आणू नकोस. तारखा बघ.

हे मला आधीच लिहायला हवं होतं. दोनदा कागद घेतला. सुरुवात काय करायची कळेना, म्हणून मुलाखतीचं लिहिलं. तू हसलीस ते मला लागलं नाही. खरंच नाही. मला काहीच लागत नाहीये आत्या, हेच मी कोणाला सांगू शकत नाही, कारण सांगितलं की सगळे घाबरतात.

मुलगी होती. सिस्टरने विचारलं बघायचंय का. मी नाही म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. स्वप्नीलने बघितलं. त्याने अजून काही सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. सासूबाईंनी वसुबारसेचं केलेलं सगळं शेजारी देऊन टाकलं, घरात कोणी खाल्लं नाही. मग दिवाळी होती. बाहेर फटाके, आत आम्ही तिघं टीव्ही लावून बसलो.

अकराव्या दिवशी मी कामावर गेले. माझ्या टेबलावर कुठलं काम असतं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. दिवस राहिलेत का ते बघायला बायका रक्त देऊन जातात, त्या ट्यूब माझ्याकडे येतात. मशीन आकडा देतं, मी बघून सही करते. त्या दिवशी एकोणीस होत्या. मी एकोणीसच्या एकोणीस बरोबर केल्या. एकीचाही आकडा चुकला नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, चहा आणून देत होते, आणि मी ट्यूब उचलली की टेबलावरचं बोलणं थांबायचं.

म्हणून मला ती परळची नोकरी हवी होती. पगारासाठी नाही, हुद्द्यासाठीही नाही. जिथे कोणाला काही माहीत नाही अशी एक जागा हवी होती. आठ तास. एवढंच मला हवं होतं. तिथे जाऊन बसले आणि तिथेही त्यांनी नेमकं तेच विचारलं.

मूल नको आहे, हे मी म्हटलं ना, ते बाळ गेल्यानंतर स्वतःविषयी मी बोललेलं पहिलं मोठं वाक्य असेल. दिवाळीपासून हो, नाही, ठीक आहे, जेवले, एवढंच बोलत होते. तिथे पूर्ण वाक्य बोलले आणि तेच खोटं. तरी आवाज अगदी नीट होता.

नोकरी मिळाली. १५ तारखेपासून जायचं. सहा महिने प्रोबेशन, १४ जुलैपर्यंत. सीमा मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाल्या, तुमचा क्लॅरिटीचा पॉइंट सरांना आवडला.

सामान हलवताना दुपटं सासूबाईंच्या हातात आलं. त्या ते घेऊन अर्धा तास तशाच उभ्या. या घरात माळा नाही, लपवायला जागा नाही. कोंडीरामकाका परत निघालेत, त्यांच्याबरोबर पाठवते. तुझ्याकडे असू दे.

आता तू मला एक सांग. मी तुझ्या पॅनेलसमोर बसले असते आणि खरं सांगितलं असतं, की बाळ गेलंय आणि पुढचं माहीत नाही, तर तू टिंब दिलं असतंस का? गोड बोलू नकोस. खरं सांग.

मनवा


आचरे
२० फेब्रुवारी २०२४

मनवा,

अक्षर वाकडंतिकडं आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा अजून बाकी. पण उशिराला ते कारण नाही. तुझं पत्र येऊन महिना झाला, मी रोज वाचते आणि रोज ठेवून देते.

तुझी मुलगी गेली आणि मी इथे बसून हसत होते. दुपटं पोचलं. रागाने उसवायला घेतलं, दोन टाके काढले, मग हात चालेना.

तू खरं सांग म्हणालीस. हो. मी टिंब दिलं असतं.

आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण तू आईसारखी सरळ विचारतेस आणि तिला मी कधी खरं सांगितलं नाही, म्हणून आता तुला सांगते.

त्र्याण्णव सालचा जून. तुझ्या बाबांची मिल बंद पडून दीड वर्ष झालं होतं. दादा लालबागला कोणाच्या तरी दुकानावर बसायचा, यायचा तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आमच्या कंपनीत टायपिस्टची जागा निघाली. मीच लीलाला अर्ज करायला लावला. ती मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग शिकलेली होती, लग्नाआधी. परीक्षेला बावीस जणी होत्या, लीला पहिली आली. साहेब मला म्हणाले, शांताबाई, तुमच्या वहिनी तर हुशार निघाल्या. मी फुगले होते.

मुलाखत सोमवारी होती. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी तुझ्या आईची चोरओटी भरली. तुझ्या पिढीला माहीत नसेल. दिवस राहिले की तिसऱ्याच्या आत, घरातल्या घरात, दार लोटून भरायची ती ओटी. बाहेर कोणाला सांगायचं नाही, म्हणून चोर. आमची आई तेव्हा गेलेली, म्हणून नणंदेने भरली. मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, खणाचा तुकडा. लीलाने पदर धरला आणि म्हणाली, "वन्सं, सोमवारपर्यंत तरी कोणाला बोलू नका हां." मी म्हटलं, वेडी आहेस काय!

सोमवारी ती आत आली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या वहिनीला मी काय विचारणार? मी गप्प बसले. साहेब हसले आणि म्हणाले, "घरचा मामला आहे, शांताबाईंना सगळं माहीतच असणार." लीला बाहेर गेली. तिघं माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, उद्या हिचं पोट दिसलं की म्हणतील शांताबाईंनी घरचं माणूस म्हणून लपवलं. अठरा वर्षांत माझ्यावर कोणी बोट दाखवलं नव्हतं. मी पेन्सिल उचलली आणि टिंब दिलं.

कोणी मला विचारलंसुद्धा नाही गो. तोंडातून एक शब्द न काढता दिलं.

ते बाळ म्हणजे तू.

लीलाला मी सांगितलं, वरून कोणाची तरी चिठ्ठी आली, जागा दुसऱ्या मुलीला गेली. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही प्रयत्न केलात तेवढं पुष्कळ." मग ती, तुला माहीत आहे त्या कॅन्टीनमध्ये, पोळ्या लाटायला लागली. सत्तावीस वर्षं. दर दिवाळीला मला पहिला लाडू द्यायची.

मी मनाला काय सांगितलं ठाऊक आहे? की तिला आराम मिळेल. पोटुशी बाई, कशाला बसचे धक्के खाईल. आराम!

तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

शांता


आचरे
२ मे २०२४

चि. मनवा,

पत्र नाही. ठीक आहे.

डाव्या डोळ्याचंही झालं. आता सगळं फार स्पष्ट दिसतं. घरात इतकी जळमटं होती हे मला माहीत नव्हतं.

आंबे कोंडीरामबरोबर पाठवलेत. सासूबाईंच्या नावाने दिलेत, म्हणजे तुला परत करायला जमणार नाही.

आत्या


वडाळा
७ जुलै २०२४, रविवार

प्रिय आत्या,

आंबे खाल्ले. मीपण खाल्ले.

तुझ्या पत्राला साडेचार महिन्यांनी उत्तर देते आहे. राग आला म्हणून थांबले नव्हते. राग यायची वाट बघत होते. वाटायचं, एक दिवस येईल आणि मग मी तुला चार पानं लिहीन. तो काही आला नाही.

आईच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना असतात. तुझं पत्र वाचल्यावर मला एवढंच कळलं की आईला टायपिंग येत होतं. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर काढली, आत्या, मला हे माहीत नव्हतं. तिने एकदाही सांगितलं नाही. मला दहावीला निबंधाचं बक्षीस मिळालं तेव्हा ती माझ्या वहीवर बोटं वाजवत बसली होती, दोन्ही हातांची. मला वाटलं, बाई, चाळा आहे काहीतरी.

मग काही दिवस मी असं घोळवत बसले की माझ्यामुळे तिची नोकरी गेली. तेही जमेना. मी सात आठवड्यांची होते, मी काय केलं होतं?

आता इथलं सांगते. नोकरी चांगली आहे. मला हवी होती तशीच. कोणाला काही माहीत नाही, कोणी हळू बोलत नाही. मी चुका काढते आणि लोक मला घाबरतात. सहा महिने मी तिथे आठ-आठ तास अगदी ठीक होते.

जूनमध्ये सीमा मॅडमची पुण्याला बदली झाली. गुरुवारी टेक्निशियनच्या मुलाखती होत्या. सरांनी मला बोलावलं. "मॅडम, पॅनेलवर एक लेडी लागते, तुम्ही बसा." मी बसले.

तिसरी मुलगी वरळी कोळीवाड्यातली होती. पूर्वी नाव. सत्तावीसची असेल. हात स्वच्छ, नखं कापलेली, ते मी आधी बघते. कामाचं सगळं तिला येत होतं. एक गोष्ट तर तिने सरांना चुकीची दाखवून दिली आणि वर "सॉरी सर" म्हणाली. मला ती आवडली. मनात म्हटलं, हिला घ्यायचं.

मग सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागले.

मला वाटलं होतं, अशी वेळ आली तर मी विचारणार नाही. उठून जाईन, किंवा काहीतरी बोलेन. स्वप्नीलला तसं म्हणूनही दाखवलं होतं. पण आत्या, कोणीच काही बोलत नव्हतं आणि सर पुसत होते, आणि मला ऐकू आलं की मी विचारते आहे, "लग्नाला किती वर्षं झाली?" हसून. अगदी आपलेपणाने. तू लिहिलं होतंस ना, तसंच.

ती म्हणाली, तीन. मी पुढचंही विचारलं.

ती म्हणाली, "नाही मॅडम, आम्ही दोघांनी मूल नकोच असं ठरवलंय."

एकही शब्द अडखळला नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. हे वाक्य ती घरी किती वेळा बोलून आली असेल ते मला समजत होतं. ते खरं आहे की खोटं, ते मात्र मला कळलं नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झालं. लाज वाटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. कारण ते कळून घ्यायचा मला काय अधिकार होता? ती माझ्यासमोर बसून रक्त तपासायचं काम मागत होती.

"गुड," सर म्हणाले. मी नाही म्हटलं.

ती गेल्यावर तिचा फॉर्म माझ्याकडे आला. खाली शेरा लिहायला दोन ओळी असतात. मी पेनाने लिहिलं, "उमेदवाराला मी मुलांविषयी विचारलं. त्याचा या कामाशी संबंध नव्हता. मी विचारायला नको होतं. तिचं उत्तर काहीही असलं तरी ते धरू नये. कामात तिघींत ही पहिली." खाली सही केली, तारीख घातली.

सर म्हणाले, "हे कशाला लिहिलंत? हा रेकॉर्ड आहे. प्रोबेशन संपायला दहा दिवस उरलेत तुमचे." रागावून नाही, काळजीनेच म्हणाले. नवा फॉर्म पुढे केला. "हा भरा, तो फाडून टाकू." मी म्हटलं, "सर, राहू दे." त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. तिला घेतलं की नाही मला अजून माहीत नाही. मला ठेवतात की नाही, तेही नाही.

आणखी एक आहे. ते तुला शेवटी सांगते, कारण ते लिहायला मला अजून हात धजत नाही.

मागच्या शनिवारी सगळे गेल्यावर मी माझं रक्त काढलं. ट्यूबवर आईचं नाव घातलं, लीला. मशीनला लावली. आकडा आला. मी दोनदा लावली, तोच आला. सातवा आठवडा आहे.

मला आनंद झाला नाही. भीतीही वाटली नाही. मी रिपोर्टवर सही केली आणि मग तो फाडला. स्वप्नीलला सांगितलं तर तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला, बराच वेळ. बाहेर आला आणि त्याने मला ते सांगितलं, नोव्हेंबरमध्ये त्याने काय बघितलं ते. तिचे कान माझ्यासारखे होते म्हणाला. मी विचारलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं.

उद्या सोमवारी मी सरांना माझं सांगणार आहे. डिसेंबरमध्ये मी काय सांगितलं होतं ते आणि आता काय आहे ते, दोन्ही. त्यांनी चष्मा काढायच्या आधी. नोकरी गेली तर जाईल. मला ती जागा हवी होती कारण तिथे कोणाला माझं काही माहीत नव्हतं, आणि आता मीच जाऊन सांगणार. पण आईसारखं कोणाच्या तरी पेन्सिलीने ते ठरायला नको.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. ते माझ्याकडे नाही, ते आईकडे होतं. पण पत्र लिहीत जा. आणि मलाही लिहू दे.

चोरओटी वगैरे काही नको, कोणाला सांगूही नकोस. दुपट्याचे ते दोन टाके घालून टाक, आता तुला सुई दिसते. धुवून ठेव. पाठवू नकोस. मी मागेन तेव्हाच पाठव.

नाही मागितलं, तर विचारू नकोस.

तुझी
मनवा